यादीत नाव, बैठकीत खुर्ची

(आपत्तीच्या काळातील कामासंबंधी महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला आज 'आपत्तीच्या काळातला समन्वय' या विषयावर बोलायला सांगितलंय. समन्वय म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याचजणींना तहसील कचेरीतली बैठक आठवते. टेबलावर चहा-बिस्किटं, साहेबांचं भाषण, आणि शेवटी 'सर्वांनी समन्वयाने काम करावे' हे ठरलेलं वाक्य. त्यामुळे हा विषय सरकारचा आहे, आपला नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण गेली तीसेक वर्षं भूकंप, पूर, साथी यांत काम केल्यावर माझं मत असं झालंय, की बाईपर्यंत मदत पोहोचते की नाही हे मदत किती आली यापेक्षा ती आणणाऱ्यांचा आपसात मेळ कसा बसला यावर जास्त ठरतं. हा मेळ दोन जागी बसतो. एक यादीत, दुसरा बैठकीत. यादीत कुणाचं नाव असतं आणि बैठकीत कुणाला खुर्ची मिळते, या दोन प्रश्नांवर आज बोलूया.

किल्लारीने काय दाखवलं

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासून करते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. घरं झोपलेल्या माणसांवरच बसली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली.

मदतीला तोटा नव्हता. लष्कर आलं, डॉक्टरांची पथकं आली, संस्था आल्या, पक्षांची माणसं आली. धान्याचे, कपड्यांचे ट्रक आले. नुसतं बघायला आलेलेही पुष्कळ होते आणि त्यांच्या गाड्यांनी रस्ते अडले. आम्ही फिरत होतो त्या भागात डांबरी रस्त्यावरच्या गावात एका दिवसात तीन-तीन संस्था उतरायच्या आणि चार मैल आतल्या वस्तीवर संध्याकाळपर्यंत कुणी फिरकायचं नाही. यात कुणाची नियत वाईट होती असं नाही. प्रत्येकजण डोळ्यांना दिसेल तिथे थांबत होता. कुठे काय पोहोचलं आणि कुठे काय हवं आहे हे रोजच्या रोज एका जागी लिहिलेलं असलं, आणि निघण्यापूर्वी ते वाचायची सक्ती असली, तर ट्रक पुढे जातो. समन्वय म्हणजे इतकी साधी गोष्ट आहे.

आता यादीकडे या. पंचनामे झाले, कुटुंबं मोजली गेली. आपल्याकडे 'कुटुंबप्रमुख' म्हटलं की लिहिणाऱ्याचा हात आपोआप पुरुषाच्या नावाकडे जातो. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथे घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. सातबारा कुणाच्या नावावर असतो हे तुम्हांला सांगायला नको. नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या घरात एका खणात राहत असेल तर ती भावाच्या कुटुंबात मोजली जायची. तिचा खण पडला, तिची चूल मोडली, पण कागदावर तिचं काहीच पडलं नव्हतं. तरण्या विधवेची मदत सासऱ्याच्या हातात जायची. अशा बाईला मदत नाकारली असं कुणी म्हणणार नाही. तिला कुणी विचारलंच नाही, एवढंच.

बऱ्याच गावांचं पुनर्वसन दात्या संस्थांनी, उद्योगसमूहांनी दत्तक घेतलं. ज्याचा त्याचा आराखडा, ज्याचा त्याचा इंजिनियर. अनेक ठिकाणी शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रुंद रस्ते आणि रांगेने घरं उभी राहिली. जनावरं कुठे बांधायची, सरपण कुठे रचायचं, धुणं कुठे धुवायचं, दुपारी बायकांनी एकत्र बसून शेंगा कुठे फोडायच्या, हे प्रश्न आराखड्यात क्वचित आले. ते ज्यांच्या डोक्यात होते त्या बैठकीत नव्हत्या.

पण किल्लारीची दुसरीही गोष्ट आहे आणि ती आपण अभिमानाने सांगितली पाहिजे. ही ५२ गावं सोडून बाकीच्या शेकडो गावांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ साली तो कार्यक्रम सुरू झाला. घर मालकानेच दुरुस्त करायचं, पैसे हप्त्याहप्त्याने मिळणार, आणि काम नीट झाल्याचं इंजिनियरने पाहिलं की पुढचा हप्ता. गावात कुणाला काही कळेना. हप्ता का अडला, भिंतीत आडवा पट्टा कशासाठी, आरपार दगड का घालायचा? सरकारने लोकसहभागाचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे सोपवलं. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. सुमारे १,३०० गावांत हे काम झालं.

या बायकांनी काय केलं? घरोघर जाऊन योजना समजावली. बांधकामातलं तंत्र शिकून घेतलं आणि गवंड्याला 'इथे दगड आरपार घातला नाहीस' असं तोंडावर सांगितलं. कुणाचा हप्ता अडकलाय त्याची नोंद ठेवली आणि ती घेऊन इंजिनियरपुढे, तालुक्याच्या बैठकीत जाऊन बसल्या. ज्या बायका पूर्वी चावडीसमोरून डोक्यावरचा पदर ओढून जायच्या, त्यांना साहेब विचारू लागले, 'तुमच्या गावात किती कामं राहिली?' त्यांच्यावर कुणी उपकार केला म्हणून हे घडलं नाही. गावातली खरी माहिती त्यांच्याकडे होती आणि ती नसती तर कार्यक्रम अडला असता. पुढे २००१ साली कच्छला भूकंप झाला तेव्हा आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूत, लातूर भागातल्या बायका आपला अनुभव सांगायला गेल्या. भाषा येत नव्हती. पण पडलेलं घर आणि अडलेला हप्ता या गोष्टी समजायला दुभाषी फारसा लागत नाही.

नागपट्टिणमचा धडा

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. आपल्या देशात किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त माणसं तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यात गेली, सहा हजारांहून अधिक. तिथेही संस्थांची रीघ लागली, शेकडो. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले, कारण आपल्या घरातली अडगळ पाठवणं म्हणजे मदत असं फार लोकांना वाटतं.

पण तिथे एक चांगलं काम फार लवकर झालं. जानेवारी २००५च्या सुरुवातीलाच स्नेहा ही मच्छीमार बायकांत काम करणारी संस्था आणि मच्छीमार सहकारी संस्थांचा महासंघ सिफ्स यांनी पुढाकार घेऊन कलेक्टर कचेरीच्या आवारातच संस्थांचं समन्वय केंद्र काढलं. येणाऱ्या संस्थेने तिथे नाव नोंदवायचं, कुठल्या गावात काय करणार ते सांगायचं. निवारा, आरोग्य, उपजीविका असे विषयवार गट केले. गावांतून माहिती आणण्यासाठी माणसं नेमली. नियमित बैठका झाल्या आणि तिथल्या अडचणी थेट प्रशासनापुढे गेल्या. शासन आणि संस्था यांनी एका छताखाली बसायची ही पद्धत पुढे पुष्कळांनी वाखाणली.

आणि तरीही. त्या किनाऱ्यावरच्या गावांचा कारभार मच्छीमारांच्या पारंपरिक पंचायती पाहतात. त्यांत बायकांना स्थान नाही. मदतीच्या याद्या आणि वाटप बऱ्याच ठिकाणी त्यांच्यामार्फत झालं. नुकसान मोजलं ते होड्यांचं, इंजिनांचं, जाळ्यांचं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या बाईचं भांडवल, तिची टोपली, तिचं उधारीचं खातं सुरुवातीला कुणी मोजलं नाही. किनाऱ्यामागच्या शेतात समुद्राचं पाणी शिरून जमीन खारवली. तिथल्या दलित शेतमजुरांचंही तसंच झालं. दुसरीकडे संस्थांनी होड्या इतक्या वाटल्या, की काही ठिकाणी पूर्वीपेक्षा होड्या जास्त झाल्या. मेळ चांगला बसवला म्हणून आपोआप न्याय होत नाही. यादी तिरकी असेल तर उत्तम समन्वय तो तिरकेपणाच नीटनेटका करतो.

बायका मेल्या किती, हेही सुरुवातीला वेगळं मोजलं जात नव्हतं. ऑक्सफॅमने मार्च २००५ मध्ये एक टिपण काढलं. तमिळनाडूतला कडलूर जिल्हा, इंडोनेशियातलं आचे, अशा भागांत पुरुषांपेक्षा बायका फार जास्त मेल्या होत्या. कारणं आपल्या ओळखीची आहेत. होड्या किनाऱ्याला लागायची वाट पाहत बायका काठावर उभ्या होत्या, घरात होत्या, मुलांना शोधत होत्या. पोहायला, झाडावर चढायला त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आकडा स्त्री-पुरुष असा वेगळा काढला तेव्हाच हे दिसलं.

दबाव आणला की फरक पडतो, हेही तिथेच दिसलं. तमिळनाडू सरकारने २००५ साली त्सुनामीनंतरच्या घरांचं धोरण जाहीर केलं. त्यात घर नवरा-बायको दोघांच्या नावे करायचं ठरलं. एका ओळीचा हा नियम, पण पुढच्या कितीतरी भांडणांत बाईच्या हाती कागद राहिला.

सरकारी यंत्रणा कशी चालते

आता यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ, कारण दार कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय ठोठावता येत नाही.

१९७० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात वणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा माणसं मेली, सातशे इमारती जळाल्या. चौकशीत आढळलं की बंब आणि माणसं होती, पण एका खात्याचा वायरलेस दुसऱ्याला ऐकू येत नव्हता, एकाच गोष्टीला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता आणि हुकूम कुणाचा हे ठरलेलं नव्हतं. त्यातून एक पद्धत निघाली. जागेवर हुकूम एकाचा, सगळ्यांची भाषा एक, कामाची विभागणी ठरलेली आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण तीन ते सातच जण. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्ह्यात जबाबदार अधिकारी कलेक्टर.

त्याआधी २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातल्या तीन गोष्टी पाठ करा. एक, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही, असं कलम ६१ सांगतं. दोन, मदतीच्या किमान दर्जाविषयी बोलणाऱ्या कलम १२ मध्ये विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतुदीचा उल्लेख आहे. तीन, प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती प्राधिकरण असतं आणि त्याने जिल्ह्याची योजना करायची असते.

या प्राधिकरणात कोण बसतं? अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष, शिवाय प्राधिकरणाचा मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी आणि फार तर आणखी दोन अधिकारी. अध्यक्ष सोडून जास्तीत जास्त सातजण. त्यात एक तरी बाई हवी असं हे कलम सांगत नाही. पण महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत २०११ पासून बायकांना पन्नास टक्के आरक्षण आहे, म्हणजे ते सहअध्यक्षपद पुष्कळदा बाईकडे येणार. ती बाई आपली आहे का, तिला आपण कधी भेटलो का, तिच्या हातात काही माहिती दिली का, हा प्रश्न आपला आहे.

आणखी एक लक्षात घ्या. वरची यंत्रणा कितीही चांगली असली तरी पहिले काही तास गावाचे असतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं गावातल्याच नावेतून बाहेर पडत होती. ती उलटली आणि त्यांतली कितीतरी बायका-मुलं बुडाली. नावेत किती माणसं, अंगात जॅकेट कुणाच्या, आधी कोण जाणार, हे पाणी येण्यापूर्वी ठरवावं लागतं. ते ठरवायची जागा ग्रामसभा आहे.

संकट म्हणजे फक्त पूर आणि भूकंपही नव्हे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात मार खाणारी बाई आणि मारणारा एका खोलीत बंद झाले. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०१९ मध्ये सुमारे १९,७०० तक्रारी आल्या होत्या. २०२० मध्ये २३,७०० च्या वर गेल्या. आमच्याकडे फोन यायचे तेव्हा पोलीस नाकाबंदीवर, एसटी बंद, आणि आधारगृह आधी तपासणीचा कागद मागायचं. प्रत्येक खातं आपलं काम करत होतं. पण त्या बाईला घरातून काढून सुरक्षित जागी पोहोचवणं हे काम कुणाच्याच कागदावर नव्हतं.

आता आपण काय करायचं

पहिलं, यादी आधी तयार करा, आणि ती बाईवार करा. एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या, गरोदर, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेल्या, अपंग, भाड्याने राहणाऱ्या, कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगार बायका. मात्र ही यादी कुणाच्याही हाती देऊ नका. कुठल्या घरात बाई एकटी आहे हे भलत्याला कळलं तर तोच तिच्यावर नवा प्रसंग. दोन जबाबदार मैत्रिणींकडे ती ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा.

दुसरं, पंचनाम्याच्या वेळी उभ्या राहा. शिलाई मशीन, शेळ्या, कोंबड्या, भाजीची पाटी, मिरची-मसाल्याचा साठा, बचत गटाचं दप्तर हे सगळं लिहून घ्या. एकाच छपराखाली दोन चुली असतील तर दोन नोंदी मागा. पंचनाम्याची प्रत मागा. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात आणि घर दोघांच्या नावे, हा आग्रह सोडू नका.

तिसरं, बैठकीत खुर्ची मागायची ती आधी. पूर आल्यावर साहेबांना वेळ नसतो. एप्रिल-मेमध्ये तहसीलदाराला आणि कलेक्टरला लेखी पत्र द्या, पोच घ्या. जिल्ह्याची योजना बघायला मागा. त्यात बायकांसाठी काय लिहिलंय ते वाचा आणि नसेल तर काय हवं ते लिहून द्या. जाताना दोघीजणी जा. एकटी बाई बैठकीत चहा देणारी ठरते, दोघी असल्या की ऐकावं लागतं.

चौथं, आपला आपसात मेळ. संघटनांचे मतभेद असतात, असू देत. पण आपत्तीच्या वेळी गावं वाटून घ्या आणि रोज संध्याकाळी एकीकडे चार गोष्टी कळवा: कुठे गेलो, काय दिलं, काय कमी पडलं, उद्या कुठे जाणार. नको असलेली मदत नको म्हणायला शिका. जुन्या साड्यांचा ट्रक परत पाठवला म्हणून कुणी उपाशी मरत नाही. परकर, आतले कपडे, पाळीसाठी कापड किंवा पॅड, बादली, टॉर्च हे मागा, कारण पुरुषांनी केलेल्या यादीत हे राहून जातं.

पाचवं, निवाऱ्याची जागा स्वतः फिरून बघा. जगभरच्या मदत संस्थांनी ठरवलेले स्फिअर नावाचे किमान दंडक आहेत. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास. आपल्या शाळेतल्या छावणीत हे मोजा आणि आकडा घेऊन बोला. संडासाला आतून कडी आहे का, वाटेवर दिवा आहे का, रात्री बाई पोलीस आहे का, ११२ आणि १८१ हे नंबर भिंतीवर लिहिलेत का? ज्या बाईला आधीपासून घरात मार आहे, तिला त्याच छावणीत नवऱ्याशेजारी झोपायला लागतं, हे लक्षात ठेवा आणि तिची वेगळी सोय मागा.

यातलं कुठलंही काम मोठ्या निधीवाचून अडत नाही. लागते ती वही, दोन-तीन फोन नंबर आणि चिकाटी. हे काम पाऊस पडण्यापूर्वी करायचं असतं. म्हणून आज इथून उठण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने दोन नावं आणि एक तारीख फळ्यावर लिहावी. यादीचं काम कोण करणार, तहसीलदाराकडे पत्र घेऊन कोण जाणार, आणि कधी. पुढच्या बैठकीत आपण त्याच तारखा काढून विचारूया.

एवढं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.